गेनमाइचा एकदा कडू, एकदा पाणचट: नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय

पाकीट तेच, कप तोच, चमचाही तोच. एके दिवशी भाजलेल्या तांदळाचा वास घरभर दरवळतो आणि घोट गोडसर लागतो. दोन दिवसांनी तोच चहा घशाला तुरट पकडतो. पुढच्या खेपेला हातात येतं ते नुसतं पिवळसर गरम पाणी. जपानी गेनमाइचा, म्हणजे भाजलेला तांदूळ घातलेला हिरवा चहा, घरी करणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते आणि ती एकदा सुटली तरी परत येते. अशा वेळी "जरा महागातलं पाकीट घ्या" हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी पाणी, वेळ आणि डबा तपासा. नवं पाकीट आणायची वेळ क्वचितच येते.

आधी या चहाचा स्वभाव

पाकिटात दोन वेगळ्या वस्तू असतात आणि दोघींची मागणी वेगळी असते. सगळी गडबड इथूनच सुरू होते.

पानं बहुतेक वेळा बांचा जातीची असतात. वसंतातली पहिली कोवळी खुडणी होऊन गेल्यावर मागाहून खुडलेली, जरा जून पानं म्हणजे बांचा. काही उत्पादक त्याऐवजी सेंचा, म्हणजे जपानातला नेहमीचा हिरवा चहा, वापरतात. जपानात खुडलेल्या पानांना लगेच वाफ देतात, त्यामुळे पान काळं पडत नाही. वाफवून, वळून, सुकवून सेंचा करण्याची आज रूढ असलेली रीत 1738 साली उजितावारा गावच्या नागातानी सोएन यांनी बसवली, असं मानलं जातं. तांदूळ मात्र भिजवून, वाफवून, सुकवून मग भाजतात. वजनाने दोन्ही साधारण निम्मे-निम्मे. काही दाणे भाजताना फुलतात आणि पांढऱ्या लाहीसारखे दिसतात. ते बघून "यात मक्याचे पॉपकॉर्न घातलेत, भेसळ आहे" असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक पाकिटांत ते तांदळाचेच असतात, निर्धास्त राहा.

भाजताना तांदळात पायराझीन नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात. चकलीची भाजणी करताना जो खमंग वास सुटतो, त्याच घराण्यातला हा वास. तो दाण्यातून बाहेर काढायला पाणी चांगलं कढत लागतं. पानांचं गणित वेगळं आहे. पानांतला गोडवा थिअनीन या अमिनो आम्लाचा, आणि तो कोमट पाण्यातही उतरतो. तुरटपणा कॅटेचिन नावाच्या द्रव्यांचा, कडवटपणात कॅफिनचाही हात. पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त, तितकी ही दोन्ही भराभर उतरतात.

म्हणजे तांदळाला आच हवी आणि पानांना घाई हवी. तापमान कमी करून पानांना सांभाळायला गेलात तर तांदूळ मुका राहतो. म्हणून या चहात आवर घालायचा तो वेळेला. पाणी कढत, वेळ अगदी कमी.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाची अन्नघटकांची एक अधिकृत सारणी आहे. तिच्यात गेनमाइचा कसा केला तेही दिलेलं आहे: 15 ग्रॅम चहा, 650 मिली पाणी, 90 अंश सेल्सिअस, वेळ फक्त अर्धा मिनिट. त्याच सारणीत सेंचासाठी 10 ग्रॅम, 430 मिली, 90 अंश आणि एक मिनिट धरलं आहे. तयार चहाच्या 100 मिलीमध्ये टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, किती? सेंचात 70 मिलीग्रॅम, गेनमाइचात 10. कॅफिन सेंचात 20, यात 10. इतका फरक पडायला दोन कारणं पुरतात: पानं निम्मी आणि वेळही निम्मा. दोन्हींपैकी एक बिघडवलं की कप बिघडतो.

एका कपासाठी, म्हणजे साधारण 150 मिली पाण्याला, एक टेबलस्पून चहा घ्या. वजनात तो 4 ग्रॅमच्या आसपास भरतो. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, झाकण न ठेवता मिनिटभर थांबा. आता पाणी 90 अंशांच्या जवळ असेल. ते पानांवर ओता, झाकण ठेवा, 30 सेकंद मोजा आणि लगेच दुसऱ्या भांड्यात पूर्ण गाळून घ्या. पानांत थेंबही ठेवू नका. बाकीच्या तक्रारी या एका कृतीच्या आधाराने सोडवता येतात.

"कडू होतो, घसा धरतो"

यातली पहिली शंका आपल्या हाताच्या सवयीवर घ्यावी. आपला चहा पातेल्यात पाणी, साखर, आलं, पत्ती घालून उकळला जातो. उकळी वर आली की आच कमी, परत एक उकळी, मग दूध. त्या काळ्या, दाणेदार (सीटीसी) पत्तीला हे मानवतं, कारण पुढे दूध-साखर येऊन तिचा तुरटपणा मऊ करतात. गेनमाइचा पातेल्यात घालून गॅसवर ठेवला की मिनिटभरात पानातलं सगळं तुरट द्रव्य पाण्यात येतं, आणि त्याला झाकायला दूध-साखर नाही. तेव्हा नियम एकच: पानं पाण्यात पडली की गॅसशी संबंध संपला. पाणी पानांवर ओतायचं, पानं उकळत्या पाण्यात टाकायची नाहीत.

दुसरं कारण जास्त लपलेलं असतं. चहा बरोबर 30 सेकंदांत ओतला, पण अर्धाच. उरलेला "दुसऱ्या कपासाठी" पानांसकट भांड्यात तसाच ठेवला. पहिला कप सुरेख आणि दुसरा कडू, असं होत असेल तर कारण हेच आहे. जपानात चहा ओतताना भांडं शेवटच्या थेंबापर्यंत निथळवतात, आणि दोन-तीन कप असतील तर थोडा पहिल्यात, थोडा दुसऱ्यात, थोडा तिसऱ्यात, मग उलट फिरून परत, असा आळीपाळीने ओततात. त्यामुळे सगळ्या कपांची चव सारखी राहते, आणि भांड्यात पाणी न उरल्याने पानंही पुढच्या वेळेसाठी शाबूत राहतात.

गाळणीतली पानं चमच्याने दाबायची सवयही सोडा. टी-बॅग पिळायची तर त्याहून आधी. शेवटचा दाट तुरट अर्क त्या दाबण्याने कपात उतरतो.

एक अपवाद आहे. काही पाकिटांत वरून माचाची पूड घातलेली असते. पानं आणि दाणे हिरव्या भुकटीने माखलेले दिसतात, चहाही गडद हिरवा आणि गढूळ होतो. हा गढूळपणा दोष नव्हे. पण माचा म्हणजे पानाची अख्खी पूड, ती गाळून निघत नाही, थेट पोटात जाते. अशा मिश्रणाला आणि सेंचावर बेतलेल्या पाकिटाला पाणी 80 ते 85 अंशांवर आणा. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका थंड कपात ओतलं की साधारण दहा अंश उतरतं. त्या कपातून चहाच्या भांड्यात ओता, काम झालं.

"पाणचट लागतो, तांदळाचा वासच येत नाही"

ही तक्रार बहुधा खूप वाचन केलेल्यांची असते. हिरव्या चहाला 70 अंशांहून जास्त गरम पाणी कधीच नको, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. ते उत्तम सेंचाला लागू आहे, सावलीत वाढवलेल्या ग्योकुरो चहाला तर 50-60 अंशच पुरतात. गेनमाइचाला तोच नियम लावला की पान थोडं बोलतं आणि तांदूळ गप्प राहतो. पाणी तापवा. एवढ्यानेच अर्धी तक्रार मिटते.

मग चहाचं प्रमाण बघा. पाकिटातलं निम्मं वजन तांदळाचं आहे, त्यामुळे नेहमीच्या ग्रीन टीइतका छोटा चमचा घेतलात तर प्रत्यक्षात पानं निम्मीच पडतात. चमचा भरभक्कम घ्यायचा. आणि कप थंडगार असेल, विशेषतः जाड चिनी मातीचा, तर पाणी पडताक्षणी निवतं. आधी कपात आणि भांड्यात गरम पाणी फिरवून टाकून द्या.

साखळीला लटकणारी जाळीची गोल डबी बऱ्याच घरांत असते. गेनमाइचासाठी ती वापरू नये असं मला वाटतं. पानं भिजून पसरतात, दाणे फुगतात, आत जागाच राहत नाही आणि पाणी मधल्या गोळ्यापर्यंत पोचत नाही. जपानात यासाठी क्यूसू असते, बाजूला दांडा असलेली छोटी किटली. आइची प्रांतातल्या तोकोनामे गावची लाल मातीची क्यूसू प्रसिद्ध आहे. ती घ्यायलाच हवी असं मुळीच नाही. झाकण असलेलं स्टीलचं छोटं भांडं आणि रुंद, बारीक जाळीची गाळणी, एवढ्यावर चहा उत्तम होतो. पानांना हात-पाय पसरायला जागा मिळाली पाहिजे, बाकी काही नाही.

हे सगळं नीट करूनही वास नसेल, तर चार दाणे वेचून चावून बघा. कडक्कन फुटले तर ठीक. वातड लागले तर तांदूळ सादळलाय, आणि त्यावर पाण्याचा इलाज नाही. त्याकडे खाली येते.

"कृती तीच, तरी रोज चव वेगळी"

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी तक्रार ही, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

तांदळाचा दाणा जड आणि गुळगुळीत. चहाचं पान हलकं, वळलेलं, एकमेकांत अडकणारं. पाकीट प्रवासात हलतं, डबा रोज उघडताना-मिटताना हलतो, आणि हळूहळू दाणे खाली सरकतात, पानं वर राहतात. पानांचा चुरा आणि भुकटी सगळ्यात तळाशी जाते. आपण चमचा वरून भरतो. म्हणून पाकीट नवं असताना कपात पानं जास्त येतात आणि चहा तुरट होतो. मधल्या टप्प्यात तांदूळ जास्त येतो, चहा गोड पण पुचाट लागतो. शेवटी तळाची भुकटी येते, जी पाण्यात पडताच सगळा अर्क सोडते आणि कप एकदम कडू होतो. कृती कितीही काटेकोर असली तरी चमच्यात रोज वेगळा चहा येतोय, मग कप सारखा कसा होणार?

डबा जोरात हलवून हे सुटत नाही, उलट दाणे आणखी खाली जातात. पाकीट उघडल्यावर सगळा चहा एका कोरड्या परातीत ओता, हलक्या हाताने वर-खाली करा आणि छोट्या छोट्या डब्यांत भरा. रोज चहा घेण्याआधी डबा आडवा धरून दोनदा सावकाश फिरवा, आणि चमचा वरवर न भरता तळापर्यंत घालून काढा. चमच्यात दाणे आणि पानं दोन्ही दिसतायत ना, हे नजरेने बघा. इतकी साधी गोष्ट आहे, पण चवीतला चढ-उतार यानेच सगळ्यात जास्त कमी होतो.

तळाची भुकटी फेकू नका. ती वेगळी काढा, तिला 10-15 सेकंदच द्या. किंवा वाडग्यात गरम भात घेऊन त्यावर हा चहा ओता. जपानात भातावर चहा ओतून खाण्याची जुनी पद्धत आहे, ओचाझुके म्हणतात. वर लोणचं, भाजलेला मासा किंवा समुद्री शेवाळाचे तुकडे घेतात. भाजलेल्या तांदळाचा चहा त्याला फार शोभतो.

"चहा मळकट दिसतो, वर तवंग येतो"

इथे पाण्याकडे बघा. जपानातलं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं आहे आणि तिथला चहा त्याच पाण्यावर बेतलेला आहे. आपल्याकडे बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत आणि गावांत पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. कॅल्शियम चहातल्या पॉलिफेनॉलशी (कॅटेचिनसारख्या तुरट द्रव्यांशी) जुळतं, वर पातळ साय आल्यासारखा तवंग धरतो, रंग तपकिरीकडे झुकतो आणि चव बोथट होते. तपासणी सोपी आहे: तुमच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर साचतो का? साचत असेल तर पाणी जड आहे.

असं पाणी पाचेक मिनिटं उकळा, निवू द्या, गाळ खाली बसला की वरचं निवळ घ्या आणि तेच चहासाठी परत तापवा. क्षारांचा एक भाग यात निघून जातो, सगळे जात नाहीत. आरओचं पाणी असेल तर चहा स्वच्छ होतो. फक्त ते अगदीच क्षारमुक्त केलेलं असेल तर चव सपक वाटते, तेव्हा निम्मं आरओ आणि निम्मं नळाचं गाळलेलं घेऊन बघा. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास मारतो. ते उघड्या भांड्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळू दिलं की वास जातो.

पाणी चांगलं असूनही रंग तपकिरी येत असेल तर पानं जुनी झाली आहेत. ताज्या गेनमाइचाचा रंग पिवळसर हिरवा ते सोनेरी असतो.

"आल्याचा वास येतो"

गाळणी वेगळी ठेवा. रोजच्या चहाच्या गाळणीत आलं, वेलची आणि दुधाचा वास मुरलेला असतो, तो घासून पुरता जात नाही. डब्याचंही तसंच. मसाल्याच्या मांडणीत, कॉफीशेजारी किंवा हिंगाच्या जवळ ठेवलेला हिरवा चहा आठवडाभरात तो वास उचलतो.

पावसाळा, फ्रीज आणि पाकिटावरची तारीख

गेनमाइचाचे शत्रू पाच: दमट हवा, ऊन-उजेड, उष्णता, हवेतला प्राणवायू आणि परका वास. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर यातला पहिला शत्रू घरातच मुक्कामाला असतो. भाजलेला तांदूळ ओलावा पानांहूनही आधी दाखवतो: पापड सादळतो तसाच दाणा सादळतो आणि खमंगपणा जातो. जास्त दिवस राहिला तर तांदळातलं तेल खवट होतं. भाजलेला तांदूळ असल्यामुळे हा चहा साध्या हिरव्या चहापेक्षा जास्त जपावा लागतो, कमी नाही.

म्हणून मोठं पाकीट स्वस्त पडलं तरी घेऊ नये. 100 ग्रॅमच्या आतलं घ्या, उघडल्यावर महिन्याभरात संपवा, पावसाळ्यात त्याहून लवकर. काचेची बरणी दिसायला छान, पण ओट्यावर उजेडात ठेवलेल्या बरणीत पान फिकं पडतं. घट्ट झाकणाचा, आतून कोरडा स्टीलचा लहान डबा सगळ्यात चांगला. चमचा कोरडा, आणि वाफाळत्या किटलीवर डबा उघडा धरायचा नाही. हे शेवटचं आपल्या हातून रोज होतं.

न उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही. पण बाहेर काढल्या काढल्या उघडू नका. थंड पानांवर हवेतली वाफ लगेच दव होऊन बसते आणि एका मिनिटात पाकिटाचं नुकसान होतं. काही तास बाहेर राहू द्या, पाकीट हाताला खोलीइतकंच लागलं की मग उघडा. उघडलेलं पाकीट परत फ्रीजमध्ये मात्र नको.

तारखेबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, कारण यावरून जुना माल ताजा समजून घेतला जातो. जपानात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने छापतात. थेट जपानी पाकिटावर 26.08.05 असं असेल तर ते 5 ऑगस्ट 2026. आपल्या सवयीने दिवस आधी वाचलात तर घोळ होतो. शिवाय ती तारीख बहुतेक वेळा "या दिवसापर्यंत उत्तम" अशी असते, पॅकिंगची नव्हे.

उन्हाळ्यात गार हवा असेल तर

थंड पाण्यात रात्रभर भिजवलेला गेनमाइचा गोड होतो, तुरट अजिबात नाही. पण तांदळाचा वास अर्धवट येतो, कारण तो उष्णतेशिवाय सुटत नाही. त्यावर तोडगा आहे. एक लिटरला 10-12 ग्रॅम चहा घ्या, आधी दाणे-पानं बुडतील इतपतच कढत पाणी घाला, 20 सेकंद थांबा, मग वरून गार पाणी घालून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार तासांत गाळा. त्याच दिवशी संपवा. यात तांदूळ आहे, बाहेर उष्म्यात राहिला तर आंबतो.

दूध, साखर, शुगर, झोप

दूध घातलं की तांदळाचा वास दबतो, मी नको म्हणेन. साखरेची गरज वाटत असेल तर आधी चहा कडू का होतोय ते शोधा.

"यात भात आहे, मग शुगर वाढेल का?" हा प्रश्न मधुमेह असलेल्या घरांत हमखास येतो. गाळलेल्या चहात कर्बोदकं नगण्य उतरतात. खाली राहिलेले भिजलेले दाणे काही जण आवडीने खातात, तेही एक-दोन ग्रॅमच भरतात. कॅफिन कमी आहे, शून्य नाही, तेव्हा झोप नाजूक असलेल्यांनी रात्री उशिरा टाळावा. रक्तात लोह कमी असेल तर कुठलाच चहा जेवणाला लागून पिऊ नये. चहातलं टॅनिन डाळी-भाज्यांमधलं लोह शोषू देत नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

तांदूळ घरी भाजायचा झाला तर

ठरावीक पाकीट मिळत नाही आणि घरी साधा जपानी सेंचा किंवा बांचा पडून आहे, तेव्हा हा मार्ग फार चांगला. कुरमुरे घालून भागेल असं वाटतं, पण भागत नाही. कुरमुऱ्यांना मीठ लावलेलं असतं, आणि पाण्यात पडताच त्यांचा लगदा होतो. साळीच्या लाह्यांचाही वास फार हलका. बासमती नको, त्याचा स्वतःचा सुगंध चहावर चढून बसतो.

कोकण-गोव्यातल्या लोकांच्या हाताशी इथे एक नामी वस्तू आहे: उकडा तांदूळ. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडलेला. जपानी उत्पादक तांदूळ भाजण्याआधी जे करतात, त्यातली भिजवण्या-वाफवण्याची पायरी यात आधीच झालेली असते. साधा हातसडीचा तांदूळ असेल तर तो रात्रभर भिजवून, जेमतेम शिजेल इतका वाफवून, कापडावर पसरून पूर्ण कोरडा करा. जाड बुडाच्या लोखंडी कढईत मूठभर तांदूळ मंद ते मध्यम आचेवर सतत हलवत भाजा. रंग आधी पिवळसर, मग बदामी होतो, दोन-चार दाणे तडतडतात. बदामीच्या पुढे गडद होऊ लागला की लगेच ताटात ओता. कढईतच ठेवलात तर तिच्या उष्णतेने पुढे करपतो, आणि करपलेले पाच-सहा दाणेही अख्ख्या भांड्याला जळका वास लावतात. काळे दाणे वेचून काढा. उकड्याचा वास जरा रांगडा असतो, मला तो बांचासोबत आवडतो.

पूर्ण गार झाल्याशिवाय पानांत मिसळू नका. वजनाने निम्मे-निम्मे. डोळ्यांना पानं बरीच जास्त दिसतील, तसंच असायला हवं. एकदम फार भाजून ठेवू नका, आठवड्यापुरतंच करा.

सादळलेलं पाकीट वाचवायचं तर

दाणे वातड झालेत पण खवट वास नाही, अशा पाकिटाला अजून आशा असते. खवट झालं असेल तर टाकून द्या, त्यावर उपाय नाही.

सगळं मिश्रण तव्यावर गरम करायची घाई करू नका. तांदळाला पुन्हा ऊब हवी आहे, पण तेवढ्या उष्णतेत हिरवं पान भाजून जाईल. दोन्ही वेगळे करायला आपल्या घरात सूप आहे. थोडं थोडं मिश्रण सुपात घेऊन हलक्या हाताने पाखडा. पानं हलकी, ती पुढे जातात, दाणे मागे राहतात. खाली मोठा कागद अंथरा म्हणजे पानं वाया जाणार नाहीत. शंभर टक्के वेगळं होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. दाणे मंद तव्यावर तीन-चार मिनिटं फिरवा, कुरकुरीत झाले की ताटात पसरून गार करा आणि पानांत परत मिसळा.

पानंही पार निस्तेज झाली असतील तर ती वेगळी कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर भाजून टाका, तपकिरी होऊन खरपूस वास सुटेपर्यंत. जपानात भाजलेल्या हिरव्या चहाला होजिचा म्हणतात आणि तो मुद्दाम असाच करतात. त्यात आता तांदूळ घाला. याला पूर्ण उकळतं पाणी चालतं, कडवटपणा बराच गेलेला असतो. भाजल्यावर वास झपाट्याने उडतो, तेव्हा त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पुरेल इतकंच भाजा.